तळं गोठलेलं नाही, मग एवढा बर्फ येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक कुटुंब ऑगस्टमध्ये टेक्सासहून न्यूयॉर्क राज्यात, एरी तळ्याकाठच्या बफेलो शहराच्या दक्षिणेला राहायला आलंय, त्यांचा हा इथला पहिलाच हिवाळा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे, झाडांवर अजून पानं आहेत, परवापर्यंत साध्या स्वेटरवर भागत होतं. आणि आता फोनवर इशारा आलाय: गुरुवार रात्र ते शनिवार सकाळ '5 ते 20 इंच' लेक इफेक्ट स्नो, म्हणजे तळ्यामुळे पडणारा बर्फ, आणि वाऱ्याचे झोत ताशी 50 मैलांपर्यंत. बारा मैल उत्तरेला राहणाऱ्या मैत्रिणीच्या फोनवर मात्र जेमतेम एक इंच. शनिवारी संध्याकाळी दिवाळीचं एकत्र जेवण ठरलंय आणि घरी पुण्याहून सासू-सासरे आलेत. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. तळं गोठलेलंसुद्धा नाही तर बर्फ येतो कुठून? दोन फोनांपैकी खरा कुठला? आणि कार्यक्रम रद्द करायचा का?

मी वीसेक वर्षं याच भागात हवामानाचा अंदाज सांगायचं काम करतो. माझी गिऱ्हाईकं म्हणजे बर्फ काढणारे ठेकेदार. त्यांना ढगांचं कौतुक नसतं. किती वाजता, कुठल्या रस्त्यावर, किती माणसं लावू, एवढंच विचारतात. तेव्हा उत्तरही त्याच वळणाचं येईल. आधी मधल्या प्रश्नाचं सांगून टाकतो: दोन्ही फोन खरे आहेत.

आता बर्फ कुठून येतो ते. गावाकडे विहीर असेल तर डिसेंबरातली पहाट आठवा. दात वाजतायत, आणि विहिरीच्या तोंडाशी वाफ तरंगतेय. पाण्यात हात घातला तर कोमट लागतं. पाणी काही रात्रीतून तापलेलं नसतं, हवा गार होऊन गेली आणि पाणी मागे राहिलं, एवढंच. एरी तळ्याचं नोव्हेंबरात हेच होतं. फक्त ही विहीर 388 किलोमीटर लांब आहे, मुंबईहून निघून कोल्हापूर गाठावं एवढी, आणि पुणे व सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढे होतील जवळपास तेवढी पसरलेली. याला तळं म्हणताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं, पण लेक म्हणजे तळं, काय करणार.

खोली मात्र सरासरी 19 मीटर. पाच महासरोवरांत सगळ्यात उथळ. उथळ भांड्यातलं पाणी लवकर तापतं आणि लवकर निवतं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत एरी बहुतेक वर्षी बऱ्यापैकी गोठतं आणि बर्फाचा कारखाना जवळपास बंद पडतो. शेजारचं ओंटारिओ सरासरी 86 मीटर खोल, ते पूर्ण गोठण्याची वेळ क्वचित येते. त्यामुळे तिकडे सिरॅक्यूज शहरात आणि टग हिलच्या पठारावर हिवाळाभर सुटका नाही. तळं गोठलेलं नाही तरी बर्फ कसा, असं तुम्ही विचारलंत. इथली जुनी माणसं उलट विचारतात: तळं गोठतंय कधी आणि आपण सुटतोय कधी.

आमच्या धंद्यातला पहिला आकडा 13. तळ्याच्या पाण्याचं तापमान आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान यांत 13 अंश सेल्सिअसचा फरक पडला की खालून तापलेली, ओली हवा थांबायचं नाव न घेता वर चढते. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला दहाएक अंश थंड होते, आणि तो हिशेब मांडला की आकडा तिथेच येतो. बफेलोच्या जलशुद्धीकरण केंद्रापाशी 30 फूट खोलीवर तळ्याचं तापमान 1927 पासून नोंदवलं जातंय. या आठवड्यात ते साधारणपणे 11-12 अंश असतं. कॅनडातून उतरणारी पहिली जोरदार थंड हवा दीड किलोमीटरवर उणे सात-आठ असते. म्हणजे फरक 18 ते 20. पाहिजे त्याच्या दीडपट. जानेवारीतल्या कडाक्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीची थंडीची लाट मला जास्त जागं ठेवते, ती यामुळे. हवा नंतर आणखी थंड होईल, पण तळं पुन्हा इतकं उबदार नसेल.

नुसती वाफ असून भागत नाही, ती एका रेषेत यावी लागते. एरी तळं नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबलचक पसरलंय आणि बफेलो त्याच्या ईशान्य टोकाला, पुंगीच्या तोंडाशी बसावं तसं. वारा तळ्याच्या लांबीतून वाहिला की हवेला शेकडो किलोमीटर उबदार पाणी मिळतं. दोन्ही काठांवरची जमीन थंड असते, तिथली हवा दोन्हीकडून मधे सरकते, मधोमध आदळते आणि वर उसळते. त्यातून एकच एक पट्टा तयार होतो. रुंदी दहा-वीस किलोमीटर, लांबी मात्र अख्ख्या तळ्याएवढी आणि पुढे जमिनीवरही बरीच आत. त्या पट्ट्याखाली तासाला दोन-तीन इंच बर्फ सहज पडतो, कधी त्याहून जास्त. बाहेर काही नाही. कडेचा संधिप्रदेश मैल-दोन मैलांचा.

हे सांगून पटत नाही, बघावं लागतं. 17 नोव्हेंबर 2014 च्या रात्री असा एक पट्टा बफेलोच्या दक्षिण कडेवर येऊन बसला आणि हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विमानतळाच्या उत्तरेला एका दुकानाच्या पार्किंगमध्ये उभा होतो. वर निळं आभाळ, अंगावर ऊन, पायाखाली नावापुरता बर्फ. आणि दक्षिणेला, रस्ता जिथे संपल्यासारखा वाटत होता तिथे, जमिनीपासून आभाळापर्यंत करडी-पांढरी भिंत. वरचा काठ फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा उकळ्या फुटलेला. त्या भिंतीतून एक पिकअप बाहेर आला, टपावर दीड फूट बर्फाची गादी घेऊन. चालकाने काच खाली केली आणि उन्हाकडे बघत, इथे कॉफी कुठे मिळेल, असं इतक्या शांतपणे विचारलं की मला त्याचा चेहरा अजून आठवतो. भिंतीच्या आत वेस्ट सेनेका आणि लँकेस्टरमध्ये पाच फुटांवर बर्फ साचत होता, विमानतळाच्या अधिकृत मोजणीत मात्र काही इंच. थ्रूवे या महामार्गावर गाड्या अडकल्या. एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने बसमध्येच एक दिवसाहून जास्त काळ काढला. दोन दिवसांनी दुसरा पट्टा आला आणि काही गावांत बेरीज सात फुटांवर गेली. बफेलोच्या फुटबॉल संघाला घरचा सामना डेट्रॉइटला जाऊन खेळावा लागला. 2022 च्या नोव्हेंबरात पुन्हा तसंच झालं: ऑर्चर्ड पार्क, हॅम्बर्ग भागात 80 इंचांच्या घरात बर्फ, आणि सामना पुन्हा डेट्रॉइटला.

तर आता तुमचे '5 ते 20 इंच'. याचा अर्थ 'साधारण साडेबारा' असा घेऊ नका. नवीन माणसं इथेच फसतात. साडेबारा हा बहुधा न घडणारा आकडा आहे. पट्टा तुमच्या घरावर ठाण मांडून बसला तर 20, नुसता वरून सरकून गेला तर 5. अंदाज सांगणाऱ्याला बर्फ किती पडणार याची बऱ्यापैकी खात्री असते, खात्री नसते ती कुठे याची. वाऱ्याची दिशा दहा अंशांनी बदलली तरी तळ्याच्या या टोकाशी पट्टा वीस-पंचवीस किलोमीटर सरकतो. तुमच्या आणि मैत्रिणीच्या घरातलं अंतर बारा मैल, म्हणजे एकोणीस किलोमीटर. बघा आता.

म्हणून फोनवरचा बर्फाचा आकडा बघणं सोडा आणि तासातासाची वाऱ्याची दिशा बघा. आपल्या लोकांना नैर्ऋत्य आणि वायव्य या दिशा फ्लॅट घेताना वास्तूवाल्यापुरत्याच आठवतात, इथे त्या रोजच्या कामाच्या आहेत. वारा नैर्ऋत्येचा असेल तर पट्टा बफेलो शहरावर आणि उत्तरेच्या उपनगरांवर, ज्यांना इथे नॉर्थटाउन्स म्हणतात. वारा पश्चिमेकडे वळला की पट्टा खाली सरकून साउथटाउन्सवर, म्हणजे तुमच्यावर. वायव्येचा झाला की हवा तळ्याच्या रुंदीतून येते, तिला पाणी कमी मिळतं, एक जाड पट्टा तुटून बारीक बारीक पट्टे होतात आणि ते दक्षिणेच्या डोंगरांवर थोडं थोडं शिंपडत राहतात. बहुतेक वादळांत हा प्रवास याच क्रमाने होतो: आधी उत्तरेला, मग घसरत दक्षिणेला. तेव्हा गुरुवारी रात्री मैत्रिणीकडे भुरभुर सुरू झाली आणि तुमच्याकडे चांदणं असलं, तर 'अंदाज चुकला' म्हणून गाडी काढू नका. पट्टा वाटेत आहे.

सुरुवातीच्या हंगामात आणखी एक गंमत असते. तळ्याकाठची जमीन तळ्याच्याच उबेत असते, त्यामुळे अगदी काठाला पाऊस पडतो आणि तीनशे-चारशे फूट वर गेलं की बर्फ. तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून 174 मीटर, दक्षिणेचे डोंगर चारशे मीटरच्या वर जातात. तुमचं घर चढावर असेल तर वरचा आकडा गंभीरपणे घ्या. आणि अंगणात आधी पांढरे, ठिसूळ, उडणारे साबुदाण्यासारखे दाणे पडायला लागले तर समजा की ढग चांगलेच उसळलेत. ते दाणे म्हणजे गारा नाहीत. बर्फाच्या कणांवर अतिथंड थेंब चिकटून ते तयार होतात. त्यांच्या मागोमाग बहुतेकदा मोठाले, ओले पापुद्रे येतात, मधेच वीजही कडाडते. बर्फात वीज चमकली की सासूबाई दचकतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

मी स्वतः एकदा सपशेल चुकलोय, ते सांगतो, कारण तुमच्या झाडांवर अजून पानं आहेत. ऑक्टोबर 2006, बारा तारीख. तळ्याचं पाणी 62 फॅरेनहाइट, म्हणजे जवळपास 17 अंश. एवढ्या उबदार पाण्यावरून येणारा बर्फ शहरात पोचेपर्यंत पाणी होऊन जाईल असा माझा ठाम हिशेब होता. बफेलोचा तोपर्यंतचा ऑक्टोबरातला विक्रम एका दिवसात सहा इंचांचा होता आणि तोही 1917 मधला. मी गिऱ्हाइकांना सांगितलं, पाऊस, फार तर ओली भुरभुर, यंत्रांना नांगर लावायची घाई नको. रात्री मला जाग आली ती आवाजाने. दिवाळीला आठवडाभर अवकाश होता आणि बाहेर सुतळी बॉम्ब फुटत होते. खिडकीशी गेलो तर समोरचा मेपल, सगळ्या हिरव्या-पिवळ्या पानांसकट, मधोमध चिरला जात होता. प्रत्येक पान तळहातासारखं बर्फ धरून होतं. फांदी मोडायची, मग क्षणभर शांतता, मग पुढच्या गल्लीतली फांदी. मधेमधे तारा एकमेकींना लागून निळा-हिरवा उजेड. सकाळपर्यंत विमानतळावर 22.6 इंच मोजले गेले आणि काही लाख घरांची वीज गेली, कित्येकांची आठवड्याहून जास्त. माझ्या गिऱ्हाइकांनी मला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी चूक पाण्याचं तापमान बघण्यात झाली नव्हती. इतका जोराचा वर्षाव खाली येताना आपल्याबरोबर थंडीही ओढून आणतो, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

म्हणून अंगणातलं मोठं झाड अजून पानांनी भरलेलं असेल तर गाडी त्याखाली ठेवू नका, आणि त्या बाजूच्या खोलीत गुरुवार-शुक्रवार कोणाला झोपवू नका. वीज जाणार असं धरूनच चाला. पानाला वारा आणि बर्फ दोन्ही धरतात. नोव्हेंबरातले 50 मैलांचे झोत फेब्रुवारीतल्या 50 मैलांपेक्षा जास्त झाडं पाडतात, कारण फेब्रुवारीत झाड नुसता सांगाडा असतं आणि जमीन दगडासारखी. आत्ता जमीन पावसाने भिजलेली आहे, मुळं सैल.

हे झोत येतात कुठून, तर त्याच उकळीतून. उबदार पाण्यावर हवा खालीवर घुसळली जाते. वर जाणारी हवा जशी आहे तशी खाली येणारीही आहे, आणि ती दीड किलोमीटरवरचा वेग घेऊन खाली येते. जी अस्थिरता बर्फ पाडते तीच वाऱ्याला जमिनीवर आणते, म्हणून ही जोडगोळी नेहमी एकत्र. नैर्ऋत्येचा दमदार वारा तर तळ्याचं पाणीच बफेलोच्या टोकाला लोटतो. तिकडे पश्चिम टोकाच्या टोलेडोला पातळी खाली जाते आणि इकडे पाणी काठावर चढतं, दोन टोकांत कित्येक फुटांचा फरक पडतो. गुरुवारी सासऱ्यांना तळ्याच्या लाटा दाखवायला नेऊ नका, हे ओघाने आलंच.

तळं गोठलं म्हणजे सगळं संपलं असंही नसतं. 1977 च्या जानेवारीत एरी आधीच गोठलेलं होतं, नवा बर्फ जेमतेम फूटभर पडला, पण गोठलेल्या तळ्यावर आठवड्यांचा साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरावर आणून ओतला. इथले म्हातारे अजून सालं मोजताना '77 च्या आधी, '77 च्या नंतर' म्हणतात. पण तो वेगळा विषय. तुमचं तळं आज उघडं आहे.

आता घरचं. फावडं सासऱ्यांच्या हातात देऊ नका. सकाळी फिरायला जाणारे, सत्तरीतही ताठ असणारे आपले वडीलधारे हमखास म्हणतात, दे इकडे, मी करतो. साधा गुणाकार करा. सुरुवातीच्या हंगामातला बर्फ ओला असतो, दहा सेंटीमीटर बर्फात एक सेंटीमीटर पाणी असं धरू. फूटभर, म्हणजे 30 सेंटीमीटर बर्फ म्हणजे चौरस मीटरला 30 किलो. तुमचा ड्राइव्हवे सहा मीटर रुंद, पंधरा मीटर लांब असला तर 90 चौरस मीटर. पावणेतीन टन झाले. आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा प्लाऊ जी घट्ट, मीठमिश्रित भिंत घालून जातो ती यात धरलेली नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, वर हे ओझं. दरवर्षी बर्फ काढताना माणसं हृदयविकाराने जातात. तुम्हीही सगळं पडून झाल्यावर एकदम काढू नका. चार-पाच इंच साठले की एक फेरी, पुन्हा साठले की पुन्हा. वाकून उचलण्यापेक्षा ढकलणं बरं.

घराच्या बाजूच्या भिंतीतून फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे, दोन पांढरे प्लॅस्टिक पाइप बाहेर आलेले असतील. ते आजच शोधून ठेवा. वाऱ्याने तिथे ढीग लागला आणि पाइप बुजले तर फर्नेस बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. शुक्रवारी दर काही तासांनी तिथे एक नजर टाका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतोय ना ते आज बटण दाबून बघा. गाडी बर्फात अडकली तर तेच: इंजिन चालू ठेवायच्या आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. टेक्सासहून आलेल्या टायरांबद्दल बोलायचं तर, सात अंशांखाली त्यांचं रबर कडक होतं. हिवाळी टायर हा इथे चैनीचा भाग नाही. या आठवड्यात गॅरेजमध्ये नंबर लागणार नाही, म्हणून शुक्रवारी गाडी घरीच.

काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, 'ट्रॅव्हल ॲडव्हायजरी' म्हणते तेव्हा तो सल्ला असतो, 'ट्रॅव्हल बॅन' म्हणते तेव्हा तो हुकूम असतो आणि पोलीस दंड करतात. फोन किंचाळत 'स्नो स्क्वॉल वॉर्निंग', म्हणजे अचानक येणाऱ्या जोरदार बर्फाच्या झोताचा इशारा, आली तर ती पुढच्या अर्ध्या-पाऊण तासापुरती असते. रस्त्यावर असाल तर पुढच्या एक्झिटला उतरा. समोर ती भिंत दिसली तर तिच्यात शिरून 'बघू पलीकडे मोकळं असेल' हा विचार करू नका. आत शिरल्यावर बॉनेटसुद्धा दिसत नाही, आणि तुमच्या मागचा ट्रकवाला हाच विचार करत असतो.

राहिला शनिवार. तुम्ही दिलेल्या वेळा बघता शनिवारी सकाळी वारा वायव्येला जाईल आणि पट्टा तुटेल, मग दुपारपर्यंत मोठे रस्ते साफ होतात. इथले प्लाऊवाले त्यात वस्ताद आहेत. मी कार्यक्रम रद्द केला नसता, जागा बदलली असती. मैत्रिणीच्या घरी ठेवा, तिच्याकडे एक इंच आहे. चकल्या, चिवडा, शंकरपाळ्यांचे डबे तिच्याकडे उद्या बुधवारीच पोचवा, म्हणजे शनिवारी फक्त माणसं न्यायची राहतील. शनिवारी सकाळी वाऱ्याची दिशा अजून पश्चिमेचीच दिसली तर मात्र रविवार करा. चिवडा एका दिवसाने मऊ पडत नाही.

आणि एक काम आज दुपारीच उरका. हार्डवेअरच्या दुकानात तीन-चार फूट उंचीच्या नारिंगी फायबरच्या काठ्या मिळतात. त्या ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चार-चार पावलांवर ठोकून घ्या. आत्ता जमीन मऊ आहे, हाताने जातात. डिसेंबरात त्याच काठीसाठी आधी पहार घेऊन भोक पाडावं लागतं. बर्फ पडल्यावर प्लाऊवाल्याला ड्राइव्हवे कुठे संपतो आणि तुमचा गुलाबाचा वाफा कुठे सुरू होतो ते दिसत नसतं.